घडीच्या चाकूचा सांधा

मुलुंड (पूर्व), मुंबई

चि. भाच्यास,

दाढीच्या ब्लेडांपासून जुन्या विलायती घडीच्या चाकूची प्रतिकृती घडवण्याचा भाच्याचा संकल्प स्तुत्य आहे. तथापि त्याने पाठवलेल्या आराखड्यात सारे लक्ष पात्यावर आणि धारेवर एकवटलेले दिसते, आणि ते तेथून काढून सांध्याकडे वळवावे एवढेच या पत्राचे प्रयोजन आहे. धार ब्लेडबरोबर दोन-चार रुपयांत तयार मिळते, ती घडवण्याचे श्रेय कारखान्याचे असते. उलट पाते जेथे मुठीत फिरते, थांबते आणि टक् आवाज करून बसते, तो सांधा कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि कारागिराची पारख तेथेच होते.

प्रथम ब्लेडचा स्वभाव ओळखावा. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन उद्योजकास 1904 साली ज्या रेझरचे पेटंट मिळाले, त्याच्या मुळाशी अशी कल्पना होती की पोलादाची पट्टी अतिशय पातळ ठेवावी आणि तिला लागणारा ताठपणा धारकाने, म्हणजे तिला वरखाली दाबून धरणाऱ्या दोन तुकड्यांनी, पुरवावा. आजचे दुधारी ब्लेड सुमारे 43 मिलिमीटर लांब, 22 मिलिमीटर रुंद आणि केवळ 0.1 मिलिमीटर जाड असते. मुलुंडचा चेकनाका ओलांडल्यावर ठाण्यात तीन हात नाक्याजवळ ज्या कारखान्यात ‘सुपरमॅक्स’ ब्लेडे अनेक दशके तयार होत होती, तेथला मालही याच मापाचा. अशा ब्लेडला एकट्याने चाकू म्हणता येत नाही, कारण ते बोटाने वाकते आणि मर्यादेपलीकडे वाकवले तर काचेसारखे तडकते. म्हणून प्रतिकृतीसाठी मोठा रामपुरी किंवा शिकारी चाकू निवडणे व्यर्थ आहे. बोरू तासण्यासाठी आणि पुढे पेन्सिलीला टोक काढण्यासाठी जो लहान, एका पात्याचा चाकू कचेऱ्यांतून वापरला जाई, तोच या मापात प्रामाणिकपणे बसतो.

ब्लेडला भोक पाडण्यासाठी ते गॅसवर लाल करण्याचा जो बेत आराखड्यात आहे, तो पूर्णपणे सोडून द्यावा. पोलादाला पाणी देणे म्हणजे ते तापवून झटकन थंड करणे, ज्यामुळे त्याच्या अंतर्रचनेत ताण अडकून ते कठीण होते. त्यानंतर पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करण्याच्या क्रियेस उतरवणे म्हणता येईल. ब्लेडच्या पोलादात साधारण 13 टक्के क्रोमियम आणि 0.6 ते 0.7 टक्के कार्बन असतो, आणि त्याला पाणी देण्यासाठी हजार अंश सेल्सिअसच्या वरचे, काटेकोर नियंत्रणातले तापमान लागते. शेगडीवर लाल केलेले ब्लेड मऊ पडते, वेडेवाकडे होते आणि गेलेली धार घरी परत आणता येत नाही. साध्या ड्रिलनेही ते फुटते व तुकडे डोळ्यांकडे उडतात. चष्मा लावूनही तो प्रयोग करण्यात काही शहाणपण नाही. ब्लेडच्या मध्यभागी मुळातच खाच असते, तिचा उपयोग करावा.

तो कसा करावा याचा पाठ घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत कोणत्याही सलूनमध्ये फुकट मिळतो. न्हाव्याचा आजचा घडीचा वस्तरा हा खरे पाहता भाच्याच्या इच्छित वस्तूचा सख्खा भाऊ आहे: वेष्टनाच्या कागदातच ब्लेड मधोमध मोडून त्याचे अर्धुक, सुमारे 11 मिलिमीटर रुंदीचे, पत्र्याच्या अरुंद खोबणीत सरकवले जाते आणि धारेचा जेमतेम काठ बाहेर राहतो. प्रतिकृतीतही पाते म्हणून दिसणारा भाग दोन मिलिमीटर जाडीच्या सौम्य पोलादी पट्टीचा करावा, त्याच्या कडेला लांबट चीर घ्यावी, आणि अर्धे ब्लेड त्या चिरेत घालून, मोडलेल्या खाचेच्या जागी दोन बारीक खिळ्यांनी अडवावे. धार गेली की ब्लेड बदलता येईल अशीच ही रचना असावी. डिंकाने किंवा झाळून कायमचे बसवलेले ब्लेड एका पावसाळ्यानंतर गंजके ओझे ठरते.

आता मुख्य विषय. जुन्या घडीच्या चाकूत सहसा कुलूप नसते. मुठीच्या पाठीशी असलेली पोलादी स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब देऊन त्याला उघड्या किंवा मिटलेल्या स्थितीत धरून ठेवते. बूड म्हणजे पात्याचा मुठीत राहणारा, धार नसलेला भाग. स्प्रिंग मधोमध आणि मागच्या टोकाशी अशा दोन ठिकाणी रिबिटांनी, म्हणजे ठोकून डोके पसरवलेल्या खिळ्यांनी, जखडलेली असते आणि तिचे पुढचे टोक मोकळे राहून बुडावर टेकते. बुडाच्या कडा चौकोनी ठेवल्या तर पाते अर्ध्यावर एकदा थांबते आणि मग पुढे जाते. गोल ठेवल्या तर ते एका दमात फिरते. चाकू पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटलेला असताना स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी तंतोतंत समतल यावी, अंगठा फिरवला तर पायरी लागू नये. ही एक कसोटी पुरेशी आहे, आणि तिला उतरण्यासाठी बुडाच्या तीन बाजू कानसेने घासून, जोडून, उघडून, पुन्हा घासण्याखेरीज उपाय नाही. मुलुंडच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यास करणाऱ्या भाच्याला कानसकाम कंटाळवाणे वाटते असे त्याच्या आईकडून कळते. त्या कंटाळ्याचा उपयोग काय, हे येथे कळेल.

स्प्रिंगसाठी कार्बन पोलादाची पट्टी घ्यावी, तिला तेलात पाणी द्यावे, पृष्ठभाग चकचकीत घासावा आणि मग मंद आचेवर निळा रंग चढेपर्यंत, म्हणजे सुमारे 300 अंशांपर्यंत, उतरवावी. पिवळसर रंगावर थांबल्यास ती तडकते, निळ्याच्या फार पुढे गेल्यास तिचा जोर ओसरतो. मुठीच्या दोन्ही अंगांना आतून पितळी पत्र्याचे अस्तर असते. त्या दोन अस्तरांतील अंतर स्प्रिंगच्या जाडीने ठरते, म्हणून बूड स्प्रिंगपेक्षा केसभर पातळ हवे, नाहीतर शेवटची रिबिट ठोकताच पाते जखडून बसते. ती ठोकताना बूड आणि अस्तर यांमध्ये तेलात भिजवलेला पातळ कागद घालावा आणि नंतर ओढून काढावा. ब्लेडचे वेष्टन याला चांगले चालते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. सुट्टीत तेथे जाणे झाल्यास नक्षीपेक्षा त्यांच्या रिबिटा निरखाव्यात, कारण ढिला न पडता फिरणारा सांधा ही गोष्ट देशी कारागिरालाही साधलेली होती.

मुठीच्या फळ्यांसाठी जुन्या चाकूंत हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. आज वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू असताना त्यांचा विचारही नको. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात शिसवीचे मोडके पाय किंवा फळीचे तुकडे मिळू शकतात; शिसवीची धूळ मात्र नाकातोंडात जाऊ देऊ नये.

शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचे चाकू हिंदुस्थानात घरोघरी ठाऊक होते, आणि 1851 च्या लंडन प्रदर्शनात तिने पंचाहत्तर पात्यांचा एक प्रचंड चाकू मांडला होता. तिची तारा आणि क्रूस ही खूण प्रतिकृतीवर कोरण्याचा मोह भाच्याला झालेला आराखड्यावरून कळते. तसे करू नये, आणि अॅसिडने खोटे जुनेपणही आणू नये. अस्तराच्या आतल्या बाजूस स्वतःची आद्याक्षरे आणि वर्ष ठोकावे; उद्या वस्तू कोणाच्या हाती पडली तरी ती कोणाला फसवणार नाही.

चाकू तयार झाल्यावर तो दाखवण्यासाठी खिशात घालून अंधेरी-घाटकोपर मेट्रोत शिरणे योग्य नव्हे, कारण तेथील तपासणीत धारदार वस्तू अडवली जाते. शिवाय मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली शस्त्रे बाळगण्यास मनाईचे आदेश वेळोवेळी निघतात. वस्तू घरच्या घरी दाखवावी, किंवा नेताना ब्लेड काढून ठेवावे. बदलण्याजोग्या रचनेचा हाही एक फायदा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो, आणि जून ते सप्टेंबर तो दर पंधरवड्यास द्यावा. वापरलेली व मोडलेली ब्लेडे सुटी कचऱ्यात टाकू नयेत, कारण तो कचरा सफाई कामगार पुष्कळदा हातांनीच निवडतात. पावडरच्या रिकाम्या डब्याला चीर पाडून त्यात ती साठवावी आणि डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असे ठळक लिहून द्यावा.

बुडाचा पहिला नमुना आधी पितळेत कापून पाहावा आणि तो स्प्रिंगसह पुढच्या रविवारी मुलुंडला आणावा.

 

मामा