धंद्याचा नकाशा काढायचा, तर सिंगापुरात खर्च किती?

माल पुरवठादाराकडून निघतो आणि ग्राहकाच्या हाती पडतो, या वाटेत वेळ आणि पैसा कुठे झिरपतो हे कळण्यासाठी ‘सायपॉक’ तक्ता मांडतात. त्यात पाच रकाने असतात: पुरवठादार, सामग्री, प्रक्रिया, निष्पत्ती आणि ग्राहक. सिंगापुरातल्या छोट्या मराठी व्यावसायिकाने सल्लागार नेमण्याआधी तो स्वतः मांडून पाहावा.

घरच्या घरी

कोकणातून हापूस मागवणाऱ्याचे उदाहरण घेऊ. बागायतदार, निर्यातदार आणि विमान कंपनी हे पुरवठादार. पेट्या, बिले आणि कागदपत्रे ही सामग्री. ताजी फळे आणायला सिंगापूर फूड एजन्सीचा आयात परवाना लागतो, शिवाय दर खेपेला ट्रेडनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून वेगळे परमिट. पुढे चांगी विमानतळावरून माल उचलणे, निवडणे, घरपोच देणे ही प्रक्रिया. घरी पोचलेली पेटी ही निष्पत्ती आणि ती घेणारा तो ग्राहक. प्रत्येक पायरीपुढे तीन गोष्टी लिहा: काम कोण करतो, किती वेळ लागतो, कुठे अडते. कागदपत्रे उशिरा आल्याने पेट्या खोळंबत असतील, तर डिलिव्हरीची गाडी वाढवून काही साधणार नाही.

खर्च: कागद-पेन पुरते, ड्रॉ डॉट आयओ हे आकृत्यांचे सॉफ्टवेअरही फुकट मिळते. खरी किंमत माणसांच्या वेळेची. चार जण सहा-सहा तास बसले आणि तासाला २५ डॉलर धरले, तर ६०० सिंगापूर डॉलर.

फुकट सल्ला

छोट्या-मध्यम उद्योगांसाठीच्या एसएमई सेंटरमध्ये सल्लागार मोफत भेटतात. सिंगापूर इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीचेही असे केंद्र आहे. तक्ता घेऊन आधी तिथे जा.

सल्लागार नेमलात तर

समजा, कोटेशन १०,००० डॉलरचे आहे. सल्लागार जीएसटी आकारत असेल, तर ९ टक्क्यांनी ९०० वाढले; एकूण १०,९००. ज्यांची करपात्र उलाढाल दहा लाख डॉलरच्या आत आहे आणि ज्यांनी जीएसटी नोंदणी केलेली नाही, त्यांना हे ९०० परत मिळत नाहीत.

एंटरप्राइझ सिंगापूर या सरकारी संस्थेच्या एंटरप्राइझ डेव्हलपमेंट ग्रँट या अनुदानातून एप्रिल २०२३ पासून छोट्या-मध्यम उद्योगांना पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मदत ठरली. किमान ३० टक्के भागभांडवल स्थानिकांचे असावे लागते आणि व्यवस्थापन सल्लागाराकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवे. वरच्या उदाहरणात पूर्ण १०,००० पात्र ठरले तरी जास्तीत जास्त ५,००० मिळतील. जीएसटी नोंदणी नसेल, तर खिशातून ५,९०० जातीलच. शिवाय अनुदान काम संपल्यावर मिळते, म्हणून आधी सगळे १०,९०० उभे करावे लागतात. योजनेच्या अटी आणि दर बदलतात. अर्जाच्या दिवशी बिझनेस ग्रँट्स पोर्टलवर तपासा.

सही करण्याआधी विचारा

- किती प्रक्रियांचे काम या रकमेत बसते?
- सल्लागार जागेवर येऊन काम पाहणार, की फक्त बैठका घेणार?
- बदल लागू झाल्यावर पुन्हा तपासणी होईल का, आणि तिचे पैसे वेगळे का?
- पुढे आपल्याला दुरुस्त करता येईल अशी फाइल मिळेल का?

एकच दुकान आणि मोजकी माणसे असतील, तर घरचा तक्ता आणि एसएमई सेंटर पुरेसे आहे. अनेक शाखा, गोदाम किंवा निर्यात असेल, तरच सल्लागारावर पैसे घाला. आणि अनुदान हवे असेल, तर अर्ज करण्यापूर्वी कोणत्याही करारावर सही करू नका, आगाऊ रक्कमही देऊ नका.