वही माहेरी न्यावी का?

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना कथा लिहायचे, दोन-तीन छापूनही आल्या. नंतर सगळं सुटलं. नाताळच्या सुट्टीत बार्शीला माहेरी जाणार आहे. वही नेऊ, की ती कोरीच परत येईल?

उत्तर : वही न्या, पण कथा लिहायचीच असं ठरवून बसू नका. इतक्या वर्षांनी पहिल्याच दिवशी कथा मागितली, तर हात आखडणारच. आधी माणसं लिहा. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ (१९४९) पुन्हा चाळा. ती व्यक्तिचित्रं आहेत. माणूस नीट पाहिला की कथानकाची खटपट किती कमी लागते, ते तिथे दिसतं.

हे दिवस हुरड्याचे, तेव्हा शेतावर जाणं होईलच. आगटीभोवती जो सर्वांत जास्त बोलतो, त्याला सोडा. गप्प बसून कणसं चोळणाऱ्या बाईकडे बघा. ती बोललेलं एखादं वाक्य त्याच रात्री, तिच्याच बोलीत उतरवून ठेवा. सकाळपर्यंत थांबलात, तर आपलं डोकं त्याची प्रमाणभाषा करून टाकतं. (नावं मात्र बदला, माहेरी पुन्हा जायचं असतं.)

प्रेरणेची वाट पाहण्यावर माझा फारसा विश्वास नाही. रोज एक पान, तेही वाईट चालेल. सुट्टीत ते कुणालाही वाचून दाखवू नका, कौतुक करणाऱ्या आईलाही नाही. दिवाळी अंकांची जुळवाजुळव बहुतेक ठिकाणी पावसाळ्यातच सुरू होते. जानेवारीत कच्चा खर्डा झाला, तर पुनर्लेखनाला चार-पाच महिने हाताशी राहतील.