पहिल्या मजल्यावरचे चर्च



दृढीकरण संस्काराच्या तयारीवर्गात आम्ही मुलांना एक साधा प्रश्न विचारला होता. एखादी गोष्ट पाहून किंवा ऐकून तुम्हांला शेवटचे रडू कधी आले? कुणी आजीच्या मृत्यूचे सांगेल, कुणी शुभ शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेचे, अशी आमची अपेक्षा. नववीतला एक मुलगा, जो वर्गात सहसा तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "साची मेली तेव्हा." आमच्या पोटात गोळाच आला. कोण ही साची? कोणाच्या घरची? मागच्या बाकावर हशा पिकला आणि मग हसणाऱ्यांपैकीच तिघाचौघांनी माना डोलावल्या. त्यांनाही तेव्हाच रडू आले होते.

साची ही जपानी चित्रमालिकेतली मुलगी निघाली. (हिला 'कार्टून' म्हटलेले मुले खपवून घेत नाहीत, 'ॲनिमे' म्हणावे लागते.) मालिकेचे नाव 'स्वोर्ड आर्ट ऑनलाईन'. रेकी कावाहारा या लेखकाची ही कादंबरीमाला २००९ पासून जपानमध्ये छापून येऊ लागली आणि २०१२ साली तिची मालिका झाली. आम्ही धर्मशिक्षकांनी तिचे पहिले १४ भाग एकत्र बसून पाहिले. मुलांना रागवायला मुद्दे मिळावेत, हा हेतू होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

गोष्ट अशी. जपानमध्ये एक नवा खेळ निघतो. डोक्यावर शिरस्त्राणासारखे यंत्र चढवायचे की शरीर खाटेवर निजून राहते आणि मन थेट खेळाच्या जगात उतरते. ते जग म्हणजे आकाशात तरंगणारा १०० मजल्यांचा किल्ला, नाव आइनक्राड. पहिल्याच दिवशी, गोष्टीतल्या तारखेप्रमाणे ६ नोव्हेंबर २०२२ ला, १० हजार लोक आत जातात. बाहेर पडायचे बटणच नाहीसे झाले आहे, हे संध्याकाळपर्यंत लक्षात येते. खेळाचा निर्माता आकाशात प्रकट होऊन नियम सांगतो. १०० मजले जिंकल्याशिवाय सुटका नाही. खेळात जो मरेल, त्याचा मेंदू ते यंत्र जाळून टाकील. बाहेरून कोणी यंत्र काढू पाहिले तरी तेच होईल. (कॅलेंडरमध्ये पाहिले, तर तो दिवस रविवार होता. ही सारी पोरे गोष्टीतल्या त्या रविवारी किल्ल्यात अडकली.)

सुरुवातीलाच निर्माता एक आकडा सांगतो, २१३. घरच्या माणसांनी घाबरून यंत्र ओढून काढल्यामुळे एवढे जण आधीच मेले आहेत. आम्ही तिथे थांबलो. कोणाच्या हातातला मोबाईल हिसकावल्याने कोणी मरत नाही, हे आम्हांला कळते आणि दृष्टान्त नको तेवढा ताणू नये, हेही कळते. तरी आपल्यापैकी किती आईबापांनी रात्री दोन वाजता वायर उपटली आहे आणि त्यानंतर किती दिवस घरात कोणी कोणाशी बोलले नाही, ते ज्याचे त्याला ठाऊक.

नायक किरितो हा १४ वर्षांचा. खेळ बाजारात येण्याआधी चाचणीसाठी ज्या १ हजार जणांना तो खेळायला दिला होता, त्यांत हा होता, म्हणून वाटा-आडवाटा त्याला माहीत. पहिल्याच दिवशी त्याची क्लाइन नावाच्या तरुणाशी ओळख होते. संकट कळताच किरितो त्याला म्हणतो की आपण दोघे पुढे निघू, उशीर झाला तर जवळपासचे सगळे संपेल. क्लाइन नकार देतो. त्याचे मित्रही आत अडकले आहेत; खेळ विकत घ्यायला ते रात्रभर त्याच्यासोबत रांगेत उभे होते, त्यांना सोडून कसे जायचे? दोघांपेक्षा जास्त जणांना सांभाळणे किरितोला झेपणारे नाही. तो एकटा धावत सुटतो. पुढची सगळी गोष्ट म्हणजे त्याच्या या एकट्या धावण्याची किंमत आहे, असे आम्हांला वाटते. क्लाइन मात्र आपल्या मित्रांना घेऊन हळूहळू वर चढतो आणि शेवटी आघाडीच्या लढवय्यांत जाऊन पोहोचतो.

आता साची. शाळेच्या संगणक मंडळातली पाच मुले 'चांदण्यातली काळी मांजरे' असा आपला छोटा संघ करून खेळात जगू पाहत असतात. किरितो त्यांना वाचवतो, ते त्याला आपल्यात घेतात. त्याची ताकद त्यांच्या दुप्पट, पण तो ती लपवतो. अनुभवी खेळाडूंविषयी सगळीकडे राग आहे आणि कितीतरी महिन्यांनी कोणीतरी 'आमचा' म्हटल्याचे सुख त्याला गमवायचे नाही. साचीला मरणाची भयंकर भीती वाटते. एकदा ती पळून जाऊन पुलाखाली अंधारात बसते. किरितो तिला शोधून काढतो आणि तू मरणार नाहीस, असे सांगतो. त्यानंतर तिला त्याच्या शेजारी असतानाच झोप लागू लागते.

एक दिवस संघाचा प्रमुख केइता घर विकत घ्यायला गेलेला असताना बाकीचे २७ व्या मजल्यावर जातात. एका खोलीत पेटी दिसते. हा सापळा असणार, हे किरितोला कळते. तो नको म्हणतो, पण का नको, हे सांगता येत नाही. सांगितले तर तुला कसे ठाऊक, हा प्रश्न येणार. पेटी उघडते, दार बंद होते, चौघे त्याच्या डोळ्यांदेखत मरतात, साची सर्वांत शेवटी. किरितो एकटा बाहेर येऊन केइताला खरे काय ते सांगतो. ते ऐकून केइता किल्ल्याच्या कडेवरून उडी टाकतो.

या प्रसंगाला वर्गात पूर्ण शांतता होती. आत्महत्येविषयी धर्मशिक्षा काय सांगते, ते आम्ही तिथे सांगितले. जीवन देवाचे आहे, ते संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण भय, यातना आणि मनाचा गंभीर आजार माणसाची जबाबदारी कमी करतात आणि अशा माणसांच्या तारणाविषयी ख्रिस्तसभा आशा सोडत नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करते. काही घरांना अजूनही वाटते की अशा मृतासाठी मिस्सा सांगता येत नाही. तो गैरसमज आहे.

पुढे नाताळ येतो. मेलेल्याला जिवंत करणारा एक मणी नाताळच्या रात्री मिळणार, अशी बातमी किल्ल्यात पसरते. किरितो जिवावर उदार होऊन तो मिळवतो आणि मग वाचतो : मृत्यूनंतर १० सेकंदांच्या आतच त्याचा उपयोग. साचीला जाऊन सहा महिने झालेले. तो मणी क्लाइनच्या हातात टाकून, पुढे कोणी डोळ्यांसमोर मेला तर त्याच्यासाठी वापर, असे सांगून निघून जातो. त्याच रात्री त्याला एक भेट मिळते. साचीने मरणापूर्वीच तिचा आवाज साठवून नाताळच्या दिवशी त्याला मिळावा, अशी व्यवस्था केलेली असते. त्याची खरी ताकद तिने केव्हाच चोरून पाहिली होती. ती रागावलेली नाही. उलट इतका बलवान माणूस आपल्यासोबत आहे, या विचाराने तिला झोप लागत असे. मी मेले तर स्वतःला दोष देऊ नकोस, जग, असे सांगून ती नाताळच्या एका गाण्याची चाल गुणगुणते आणि निरोप घेते.

आमच्यातल्या एका शिक्षिकेला इथे उठून पाणी प्यायला जावे लागले.

त्या दोघांचे काय चुकले? ती दोघे रोज रात्री एकमेकांजवळ होती. तो ताकद लपवत होता. ती, आपल्याला ते माहीत आहे, हे लपवत होती. एक वाक्य कोणी बोलले असते, तर त्या पेटीजवळ त्याची जीभ अडखळली नसती. प्रायश्चित्त संस्काराला येताना मुले हमखास विचारतात की देवाला सगळे माहीत आहे, तर मग सांगायचे कशाला? आजवर या प्रश्नाला आम्ही पाठ केलेले उत्तर देत होतो. यंदा किरितोचे उदाहरण दिले. ऐकणाऱ्याला माहीत असते, तो क्षमा करायलाही तयार असतो, तरी न बोललेली गोष्ट आपल्यालाच बांधून ठेवते.

वर्ग सुटल्यावर तो नववीतला मुलगा मागे रेंगाळला. (पुढचे त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने लिहीत आहोत.) तो रात्री पाच जणांच्या गटात खेळतो. त्यांतला एक दुसऱ्या जिल्ह्यातला, कधी प्रत्यक्ष भेटलेला नाही. आपल्याला जगायचे नाही, असे तो तीन आठवडे अधूनमधून लिहीत होता. आपल्या मुलाने ते कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर पहाटेपर्यंत जागतो, हे घरी कळले असते आणि फोन गेला असता. म्हणजे तोही पेटीजवळच उभा होता. त्याच संध्याकाळी फादरांनी त्याच्या वडिलांना बोलावले, दुसऱ्या मुलाच्या घरचा नंबर मिळवला, फोन केला. तो मुलगा सुखरूप आहे आणि डॉक्टरांकडे जातो. आपल्या मुलाच्या वडिलांनी त्या रात्री जागरणाचा विषयच काढला नाही, यासाठी आम्ही त्यांचे मनापासून आभार मानतो. हे सोपे नव्हते.

अशी वेळ कोणावरही आली तर भारत सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. घरातल्या फोनवर आजच लिहून ठेवा.

मूल खेळते म्हणजे आजारीच आहे, असे मात्र समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद आजारांच्या यादीत केली आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण त्याची लक्षणे कडक आहेत. स्वतःला आवर घालता न येणे, खेळापुढे बाकी सारे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे आणि हे साधारण वर्षभर चालणे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळालेला कार्लो अकुतिस हाही प्लेस्टेशनवर खेळत असे. त्याने स्वतःला आठवड्याला एका तासाची मर्यादा घालून घेतली होती, हेही मुलांना सांगा. पण फक्त मर्यादा सांगू नका, तो खेळत होता, हेही सांगा.

मालिकेत आम्हांला न आवडलेलेही आहे. मुलींचे चित्रण काही ठिकाणी सवंग आहे, आणि १४ व्या भागानंतरची गोष्ट लहान मुलांनी पाहू नये, असेच आमचे मत. शिवाय काळ्या कपड्यांतला एकटा तलवारबहाद्दर मुलांना इतका आवडतो की गोष्टीतले सर्वांत चांगले माणूस त्यांच्या लक्षातच राहत नाही. ते माणूस ११ व्या भागात भेटते. तिचे नाव साशा.

किल्ल्यातले सगळेच लढायला वर गेलेले नाहीत. पुष्कळ जण पहिल्या मजल्यावरच्या शहरात घाबरून राहिले आहेत. तिथे एक मोठी संघटना आहे. मुळात अन्न आणि पैसा सर्वांना सारखा वाटावा म्हणून ती निघाली, पण आता तिचेच लोक 'कर' म्हणून लहान मुलांना अडवून पैसे उकळतात. (निरनिराळ्या समित्यांवरच्या आम्हा सर्वांना हा भाग चांगलाच झोंबला.) त्याच शहरात एक चर्च आहे आणि त्या चर्चमध्ये साशा २० एक मुलांना सांभाळते. तिलाही सुरुवातीला मजले जिंकायचे होते. मग तिला रस्त्यात एक मूल एकटेच भेदरलेले दिसले. तिने त्याला सोबत नेले, मग दुसरे शोधले, मग तिसरे. ती वर कधी गेलीच नाही. आघाडीवरचे लोक भेटतात तेव्हा तिला आपण माघार घेतल्याची लाज वाटते; ते तिला सांगतात की तूही लढतेच आहेस.

ही गोष्ट लिहिणाऱ्याने हे दृश्य चर्चमध्येच का ठेवले, हा प्रश्न आम्ही मुलांना विचारला. त्याच्या मनात काय होते, ते आपल्याला कसे कळणार? पण मुलांनी दिलेले एक उत्तर टिपून ठेवले आहे. "तिथे जायला लेव्हल लागत नाही ना."

एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूत त्याला रागे भरला नाही. त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला तेव्हा पुन्हा दिले, आणि मग पुढच्या वाटेचे बोलला (१ राजे, अध्याय १९). आईवडिलांनी हा अध्याय या आठवड्यात घरी वाचावा आणि जेवायच्या वेळी मुलाला एवढेच विचारावे की तू कोणाबरोबर खेळतोस, त्यांची नावे काय. किती तास, हे नंतर कधीतरी.

येत्या रविवारी सकाळी ८ च्या मिस्सानंतर हॉलमध्ये तिसरा आणि अकरावा भाग दाखवणार आहोत. दोन्ही मिळून पाऊण तास लागेल. पालकांनी मागे वेगळे न बसता आपापल्या मुलांशेजारी बसावे. भाषा जपानी आहे, खाली इंग्रजी अक्षरे येतात. आजीआजोबांना मराठीत सांगत जायला नववीची मुले तयार आहेत.