मॉडेल रॉकेटसाठी घरगुती उंचीमापक

प्रश्न : मॉडेल रॉकेट किती उंच गेले, हे मोजणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण घरी कसे बनवावे?

उत्तर : उंची वाढते तसा हवेचा दाब घटतो. समुद्रसपाटीजवळ ही घट दर ८.५ मीटरला सुमारे १ हेक्टोपास्कल असते. जमिनीवर १००० आणि शिखरावर ९८८ हेक्टोपास्कल दाब नोंदला गेला, तर रॉकेट साधारण १०० मीटर चढले असे समजावे.

बीएमपी२८० हा दाबाचा सेन्सर, ३.३ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी आणि छोटी लिथियम बॅटरी एवढे साहित्य पुरते. उड्डाणापूर्वीच्या नोंदींची सरासरी शून्य उंची मानावी. सेकंदाला २० नोंदी घेऊन सर्वांत कमी दाब स्मृतीत साठवावा. एखादीच विसंगत नोंद शिखर ठरू नये, म्हणून लगतच्या काही नोंदींची सरासरी घ्यावी.

खरी कसोटी उपकरण ठेवायच्या कप्प्याची असते. नळीच्या सरळ भागात, नाकाडापासून दूर, समान अंतरावर तीन-चार बारीक, गुळगुळीत छिद्रे पाडावीत. एकाच छिद्रावर वारा आदळला की नोंद बिघडते. सेन्सरवर थेट ऊन पडू देऊ नये. मोटरचे वायू कप्प्यात शिरू नयेत, म्हणून मधला पडदा हवाबंद हवा.

उड्डाणाआधी उपकरण बंद बरणीत ठेवून सिरिंजने थोडी हवा ओढावी आणि उंचीचा आकडा चढतो का, हे तपासावे.