कर्जफेड, पत आणि कागद

कर्ज फिटणे आणि पत परत येणे या दोन गोष्टी एकच आहेत, असा समज आपल्या शेतकरी वर्गात सार्वत्रिक आहे. शेवटचा हप्ता भरला, देवापुढे पेढे ठेवले, की आपण मोकळे झालो असे खातेदार मानतो. आणि दोन-चार वर्षांनी विहिरीच्या पंपासाठी किंवा मुलाच्या घरासाठी पुन्हा कर्ज मागावयास गेला, म्हणजे 'तुमच्या नावावर थकबाकी दिसते' असे उत्तर त्यास मिळते. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यात दप्तर सांभाळण्यात गेली. त्या अनुभवावरून इतके निश्चित सांगता येते की, पैसा दिल्याने ऋण फिटते खरे, परंतु पत परत येते ती फेडीचा कागद योग्य जागी पोहोचल्यानंतरच.

या विधानाची साक्ष आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी, बाजाराच्या दिवशी, भोवतालचे शेतकरी जमले व त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. पुढे हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोहोचले. दंगा म्हटला म्हणजे लूट व रक्तपात डोळ्यांपुढे येतो. परंतु या दंग्यात लोकांनी मुख्यतः मागितले ते कर्जरोखे, आणि हाती आले ते जाळले. धान्याच्या कोठारापेक्षा कागदावर राग अधिक का असावा? त्याचे कारण असे की, १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हा कायदा ऋणकोच्या हिताचा म्हणून झाला. पण सावकार तीन वर्षे पुरी होण्याच्या आत चढलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि तीन वर्षांनी पुन्हा तेच. मध्यंतरी कुळाने दाणे घातले, कडबा दिला, रोकड दिली, त्याची पावती नाही; वही सावकाराच्या घरी आणि कुळास अक्षरओळख नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाला भाव चढला तोवर हे कोणाला फारसे जाणवले नाही. भाव उतरला, त्यातच नव्या पाहणीने साऱ्याचा आकार वाढला, आणि मग कागद एकाच बाजूच्या हाती असणे म्हणजे काय हे रयतेस कळून आले.

सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. शेतकऱ्यास कर्जापायी तुरुंगात घालणे बंद झाले, रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे पाहण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला, हप्ते बांधून देण्याची सोय झाली. या गोष्टी पुष्कळांस ठाऊक आहेत. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती, तिचे स्मरण मात्र फारसे कोणी करीत नाही. ती अशी की, पैसे भरणाऱ्या शेतकऱ्यास लेखी पावती मागण्याचा आणि सावकाराकडून हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क देण्यात आला. सुप्यास जो कागद जाळावा लागला, त्याचा दुसरा अर्धा भाग कायद्याने शेतकऱ्याच्या हाती दिला, असेच म्हणावे लागते.

तरीही पत सुधारली असे मात्र झाले नाही. न्यायालय रोखा मोडून आत पाहू लागले, तसे सावकाराने हात आखडता घेतला, किंवा गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेण्यास आरंभ केला आणि 'पैसे दिलेस की जमीन परत' एवढे तोंडी सांगितले. त्या फसवणुकीसाठी कायद्यास पुढे पुन्हा दुरुस्ती जोडावी लागली. सारांश, कायद्याने ऋण हलके केले. परंतु या मनुष्याला पुन्हा शंभर रुपये द्यावेत असे दुसऱ्यास वाटावे, ही गोष्ट कायद्याच्या हातची नव्हती. ते काम १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानंतर सुरू झाले. मुंबई इलाख्यातील पहिली ग्रामीण पतसंस्था १९०५ साली त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यात कणगिनहाळ येथे निघाली. अशा संस्थांतून सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. एकाने बुडविले तर भरपाई सर्वांनी करावयाची, त्यामुळे कोण वेळेवर देतो व कोण टाळतो यावर शेजाऱ्याचीच नजर राही, आणि तीच सभासदाची पत ठरे. अर्थात हे काम फार सावकाश झाले. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकंदर कर्जापैकी जेमतेम तीन टक्के सहकारी संस्थांकडून आलेले आढळले.

शेजाऱ्याच्या त्या नजरेची जागा आता संगणकातील नोंदीने घेतली आहे. २००० साली सिबिल ही पतमाहिती कंपनी स्थापन झाली, २००५ साली तिच्यासारख्या कंपन्यांसाठी कायदा झाला, आणि आज अशा चार कंपन्या बँकांकडून प्रत्येक कर्जदाराचा वृत्तांत घेत असतात. त्यावरून ३०० ते ९०० पर्यंतचा एक आकडा काढला जातो. गावातील पंच चुकले तर त्यांना चावडीवर विचारता येत असे. संगणकात चुकीची नोंद आहे हे तर आपल्याला कळतही नाही. म्हणून सुप्याचा प्रश्न आजही तसाच उभा आहे: कागद कोणाच्या हाती आहे?

आमच्या कांदिवलीकडे हा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. पोयसर, आकुर्ली, चारकोप ही भात व भाजीपाल्याची गावे होती. १९५७ च्या सुमारास हा भाग बृहन्मुंबईत सामील झाला, आणि चारकोपच्या जमिनीवर १९८० नंतरच्या दशकात मोठी वसाहत उभी राहिली. आज येथील जुन्या खातेदार कुटुंबांपैकी कित्येकांची शेती वसई-पालघरकडे आहे आणि बिऱ्हाड इमारतीत आहे. साहजिकच त्यांच्या ऋणाचीही दोन तोंडे झाली आहेत. एकीकडे सोसायटीचे पीककर्ज, दुसरीकडे मुलाचे क्रेडिट कार्ड, दुचाकीचा हप्ता, दागिन्यांवरील कर्ज. यांपैकी कोणते आधी फेडावे, याचा विचार बहुधा व्याजावरून होत नाही, लाजेवरून होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका खातेदाराकडे भात व भाजी विकून घरखर्च वजा जाता ६०,००० रुपये उरले. त्याची देणी अशी: दागिन्यांवर बँकेचे ९०,००० रुपये, दर साल शेकडा १२, मुलाच्या कार्डावर ४०,००० रुपये, दरमहा शेकडा साडेतीन, आणि ओळखीच्या सावकाराचे ५०,००० रुपये, दरमहा शेकडा ३. व्याज महिन्याला अनुक्रमे ९००, १,४०० व १,५०० रुपये, म्हणजे एकूण ३,८०० रुपये होते; वर्षाला ४५,६०० रुपये. घरात लग्न निघाले म्हणून बहुतेक जण सारी रक्कम दागिने सोडविण्याकडे लावतात, व महिन्याचे ६०० रुपये व्याज वाचवितात. तीच रक्कम कार्डाचे पूर्ण ४०,००० फेडण्यास व २०,००० सावकारास देण्यास लावली, तर महिना २,००० रुपये वाचतात. फरक वर्षाला १६,८०० रुपयांचा. दागिने बँकेच्या तिजोरीत असणे ही काही अप्रतिष्ठा नव्हे. कार्डाचे 'किमान देय' भरीत राहणे ही मात्र खरी हानी आहे, कारण त्या भरण्यातील मोठा भाग व्याजातच जातो.

वरील सावकाराच्या दराविषयी येथेच सांगितले पाहिजे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ साली झाला. त्याखाली ठरलेले दर शेतीकर्जास तारणी दर साल शेकडा ९ व विनातारण शेकडा १२ असे आहेत. दरमहा शेकडा ३ म्हणजे साल शेकडा ३६ झाले! परवाना नसलेल्याने सावकारी करणे हा गुन्हाच आहे, आणि दामदुपटीचे जुने तत्त्वही, म्हणजे मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल न करण्याचे बंधन, या कायद्यात आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन गेली असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधकांकडे मागता येते. तक्रार करण्यास लोक बिचकतात, हे प्रस्तुत लेखक जाणतो. परंतु निदान प्रत्येक वेळी पैसे खात्यातून द्यावेत, हातात देऊ नयेत, म्हणजे पावती न मिळाली तरी पुरावा राहतो.

पीककर्ज वरील उदाहरणात मुद्दाम घेतले नाही, कारण त्याचा न्याय निराळा आहे. खरिपाचे कर्ज सामान्यतः ३१ मार्चपर्यंत व रब्बीचे ३० जूनपर्यंत फेडले, तर केंद्र व राज्य यांच्या सवलतींमुळे ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येते. तारीख चुकली की सवलत जाते. त्यामुळे मार्चअखेर 'नवे-जुने' करण्याची वहिवाट पडली आहे. १,६०,००० रुपये पंधरा दिवसांसाठी शेकडा ३ ने उचलले, तर व्याज २,४०० रुपये पडते; सवलत गेल्यास साल शेकडा ७ ने ११,२०० रुपये पडतात. नुसत्या हिशेबाने नवे-जुने फायद्याचे दिसते. पण नवे कर्ज मंजूर होण्यास विलंब झाला, किंवा मंजूर झालेच नाही, तर तेच १,६०,००० रुपये दरमहा ४,८०० रुपयांचे व्याज खाऊ लागतात. ज्याच्या कागदात आधीच कोठे खोट आहे, त्याने हा खेळ खेळू नये, असे स्पष्ट मत द्यावेसे वाटते. त्याने जानेवारीपासून खात्यात थोडी थोडी रक्कम टाकीत जावे, आणि पीक खरोखर बुडाले असेल तर मुदत संपण्यापूर्वी बँकेकडे पुनर्गठनाचा अर्ज द्यावा, मुदत संपल्यावर नव्हे.

एकरकमी परतफेडीच्या योजनेचे आमिष मोठे असते. बँक व्याजात सूट देते आणि मनुष्य सुटल्याचा श्वास टाकतो. परंतु पतमाहितीत असे खाते 'बंद' असे न दिसता 'सेटल्ड' असे दिसते, म्हणजे पुरे न घेता तडजोडीने मिटविले, आणि ही खूण पुढे वर्षानुवर्षे राहते. हातपाय हालविणेच अशक्य झाले असेल तर ती वाट धरावी. केवळ दहा-वीस हजार वाचविण्यासाठी धरू नये. पुढे ऐपत आल्यावर सोडलेली रक्कम भरून खाते 'बंद' करून देण्याची विनंती बँकेस करता येते. कर्जमाफीच्या बाबतीतही कागद पाहिल्यावाचून निश्चिंत होऊ नये. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीची महालेखापालांनी केलेली तपासणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्या खात्यांपैकी सुमारे एक तृतीयांश खात्यांत, शेतकऱ्यास माफीचा दाखला पोहोचल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही.

आता महसुली दप्तराकडे वळू. सोसायटीचे कर्ज घेताना सभासद जमिनीवर इकरार लिहून देतो. त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कात होते. बँकेचे गहाणही तेथेच चढते. कर्ज फिटल्याने ही नोंद आपोआप उतरत नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला व बोजा कमी करण्याचे पत्र घेऊन तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यावा लागतो. ई-हक्क प्रणालीतूनही तो देता येतो. नंतर गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर बोजा उतरतो. फेरफार पडला म्हणजे काम झाले, असे समजून लोक घरी जातात. प्रमाणित झाल्यावरचा नवा उतारा हाती घ्यावा. वडिलांच्या नावचे फिटलेले कर्ज वारस नोंदीनंतरही मुलांच्या सातबारावर तसेच राहिलेले पुष्कळदा दिसते, आणि तोवर दाखला देणारी सोसायटी दुसऱ्या संस्थेत विलीनही झालेली असते.

पतमाहितीच्या नोंदीसाठी रीत सोपी आहे. चारही कंपन्यांनी प्रत्येकास वर्षातून एकदा आपला संपूर्ण वृत्तांत विनामूल्य दिलाच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुलाकडून तो उतरवून घ्यावा व ओळ न् ओळ वाचावी. आपले नाव इंग्रजीत तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले असते, त्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे, व आपली फेड भलत्याच्या नावे, असा घोळ होतो. आपण ज्यास जामीन राहिलो, त्याची थकबाकीही तेथे दिसते. चूक आढळल्यास बँकेकडे व कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. नोंद खरीच असेल, तर काळ व सचोटी याखेरीज उपाय नाही. आपल्याच ठेवीवर लहान कर्ज घेऊन ते नेमाने फेडावे. कार्ड असल्यास मर्यादेच्या तृतीयांशाहून अधिक वापरू नये. आणि एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज करू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशीही नोंदली जाते. पैसे घेऊन 'आकडा वाढवून देतो' म्हणणाऱ्यांच्या जाहिराती हल्ली दिसतात. खरी नोंद पुसून देण्याचा अधिकार त्यांपैकी कोणासही नाही.

कांदिवली, मालाड, बोरिवलीकडील ज्या खातेदारांच्या जमिनीचे नगर भूमापन झाले आहे, त्यांनी सातबारावर विसंबू नये. त्यांचा बोजा मालमत्ता पत्रकावर असतो, आणि तो कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे न देता बँकेच्या पत्रासह नगर भूमापन कार्यालयात द्यावा लागतो.