‘फँड्री’ : अपमान आणि आत्मविश्वास
(विद्यार्थी अभ्यासवर्गासाठी)



नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. पदार्पणातील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला आणि जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे या मुलास उत्कृष्ट बालकलाकाराचा. दिग्दर्शक जेऊरचे, बालकलाकार केमचा. दोन्ही गावे करमाळा तालुक्यातील, म्हणजे आपल्या परांड्याच्या शेजारची. त्यामुळे चित्रपटातील भाषा, माळरान, बाभळी, जत्रा, हलगी हे सारे आपल्या मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘फँड्री’ हा शब्द मात्र सांगावा लागतो. कैकाडी भाषेत त्याचा अर्थ डुक्कर.

जांबुवंत कचरू माने ऊर्फ जब्या हा गावाबाहेर राहणाऱ्या कैकाडी कुटुंबातील शाळकरी मुलगा. बाप मिळेल ती मजुरी करतो आणि गावाने सांगितले की डुकरे धरतो. जब्याला वर्गातील शालू आवडते. तिच्याशी तो एक शब्दही बोललेला नाही. गावातील पोरे त्याला ‘फँड्री’ म्हणून चिडवतात. काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी वश होते असे कोणीतरी सांगितलेले, म्हणून हा गलोल घेऊन रानोमाळ त्या चिमणीमागे फिरतो.

या मुलाजवळ आत्मविश्वास नाही असे म्हणता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. तो धडपड्या आहे, बापाला उलट बोलतो, डुकराला हात लावायचे नाकारतो. परंतु त्याची सारी धडपड आपण जे आहोत ते दिसू नये यासाठी आहे. तोंडाला पावडर, अंगावर जीन्स पँट हवी. जोवर शालूने डुक्कर धरताना पाहिले नाही तोवरच त्याची मान ताठ. दुसऱ्याच्या नजरेवर टांगलेला आत्मविश्वास किती वेळ टिकणार? जत्रेत तो नव्या कपड्यांत रंगून नाचत असतो आणि बाप त्याच्या डोक्यावर बत्ती देतो. पुढच्यांना उजेड मिळतो आणि सर्वांना कळते की हा कोणाचा पोर.

मग तो दिवस येतो. डुकरांचा उपद्रव झाला म्हणून पाटील कचरूला डुकरे धरण्यास सांगतो. घरात मुलीचे लग्न ठरलेले, पैशाची निकड. कचरू नाही म्हणू शकत नाही. सारे कुटुंब शाळेच्या आसपास डुकरामागे धावते, गाव तमाशा पाहते, शालूही हसते. जब्या आडोशाला लपतो तेव्हा बाप त्याला सर्वांदेखत मारतो. ऐन वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. समोर डुक्कर असताना हे सारे कुटुंब ताठ उभे राहते. राष्ट्र त्यांना काय देते आणि ते राष्ट्राला काय देतात, याचा हिशेब दिग्दर्शकाने एकही संवाद न लिहिता मांडला आहे. पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ही माणसे ज्या भिंतीवरून जातात तिच्यावर बाबासाहेब, सावित्रीबाई आदींची चित्रे आहेत. शाळेच्या भिंतीवर चित्र रंगवणे सोपे; गावोगावी ते झालेही आहे.

शेवटी पोरे बहिणीची छेड काढतात आणि जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड थेट पडद्यातून आपल्यावर येतो. आमच्या मते तो हे करू शकतो, कारण आता लपवायला काही उरलेलेच नाही. शालूने पाहिले, गावाने पाहिले, भीतीच संपली.

दगड मारणे धम्माला धरून आहे काय, असा प्रश्न अभ्यासवर्गात हमखास निघतो. निघावा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. जब्याच्या मनात यांपैकी काय होते, यावर मुलांनी वाद घालावा. सोबत बाबासाहेबांचे बालपण वाचावे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपाई नसला की पाणी मिळत नसे. १९०१ साली वडिलांना भेटण्यास गोरेगावी जाताना, मसूर स्टेशनवर उतरल्यानंतर, दुप्पट भाडे देऊनही गाडी स्वतःच हाकावी लागली आणि रात्र पाण्यावाचून काढावी लागली. त्या मुलाने दगड उचलला नाही, परंतु तो प्रवास विसरलाही नाही. मोठेपणी लिहून ठेवला.

आता आपल्याविषयी. जब्या महार नव्हे, कैकाडी आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या त्यांचे शिक्के १९५२ साली कागदावरून पुसले गेले. विदर्भात कैकाडी अनुसूचित जातीत आहेत, आपल्या मराठवाड्यात विमुक्त जातीत. माणूस तोच, दाखला निराळा. ‘उपरा’ लिहिणारे लक्ष्मण माने याच समाजातील, आणि पुढे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हा हा चित्रपट आपलाच, असे आपण म्हणतो. परंतु कसबे तडवळ्यास १९४१ साली बाबासाहेबांनी ज्या परिषदेस मार्गदर्शन केले ती महार-मांग वतनदारांची होती. दोन समाज एका मांडवाखाली बसले होते. आज आपल्या वस्तीतील पोरे शाळेत पारध्याच्या, कैकाड्याच्या मुलाला कोणत्या नावाने हाक मारतात? त्याच्या शेजारी बाकावर कोण बसते?

चित्रपट दाखवाल तेव्हा दिवा लागताच भाषण सुरू करू नका. कागद वाटा. जब्याला चिडवणाऱ्यांपैकी एखाद्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून दहा ओळी लिहायला सांगा, नाव न घालता. पिऱ्या नावाचा जब्याचा मित्र शेवटपर्यंत त्याच्यासोबत फिरतो, त्याच्यावरही कोणी लिहिले तर ते आधी वाचा.