पांढरी एकवरचं युकुलेले

घरात किंवा शेजारी पेटी असेल, तर युकुलेलेचा अर्धा शिक्षक मिळाला म्हणून समजा. इथे कोलकात्यात, बेहाल्यात, वरच्या मजल्यावरच्या काकीमांची पेटी रोज सकाळी सुरू होते. माझं वाद्य मी तिच्यावरूनच लावायला शिकलो.

आधी तारा लावा. वाद्य छातीशी धरलं की वरून खाली, पहिली ते चौथी: जी, सी, ई, ए. पांढरी एकला सा माना, त्याच झाल्या प, सा, ग, ध. सगळ्यांत खालचा सूर दुसऱ्या तारेचा. गिटारवाले इथे हमखास चकतात. नायलॉनच्या नव्या तारा काही दिवस उतरत राहतात, तेव्हा रोज लावा.

मोहल्ल्यातलं कुणी म्हातारं माणूस वाद्य मांडीवर आडवं ठेवायला सांगेल. त्यांचं चुकत नाही. हवाईचे गिटारवादक ताउ मो 1940च्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत होते, आणि मांडीवर आडव्या ठेवायच्या हवाईयन गिटारवर रवींद्रसंगीत वाजवण्याची इथे जुनी आवड. आपण मात्र छातीशीच धरायचं.

आता सी कॉर्ड. चौथ्या तारेचा तिसरा फ्रेट अनामिकेने दाबा. ध चा वरचा सा झाला: प सा ग सां. बोट फ्रेटच्या धातूवर नको, त्याच्या अलीकडे अगदी लगत. एकेक तार छेडून बघा. एखादी 'टक्' करून मेली, तर बोट आडवं पडलंय. डाव्या हाताची नखं कापा.

अनामिका उचला, मधलं बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा: ध सा ग ध, हा ए मायनर. ते बोट तसंच ठेवून तर्जनी तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर टेकवा. ग चा म झाला, एफ तयार.

जी सेव्हन सगळ्यांना रडवतो. युक्ती एवढीच, की एफमधली तर्जनी हलवायची नाही. मधलं बोट दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका चौथीच्या दुसऱ्यावर: प रे म नि. ऐकलंत की कळेल, हा नि सा कडे ओढतो; पुन्हा सी वर या.

चारही कॉर्ड केरव्यात, प्रत्येकी आठ मात्रा. उजव्या तर्जनीच्या नखाने फक्त खाली छेडा. बोटं मागे पडली तर लय कमी करा, थांबू नका.

रात्री दहानंतर नुसता डावा हात. काकीमा लवकर झोपतात.